शहाण्णव काड्या

सुताराचं दुकान बंद होतं, म्हणून मी शेजारच्या दारात शिरले. आत पितळी दिव्यांचे सांगाडे टांगलेले, आणि त्यांच्याखाली ते घडवणारा तो — चष्मा कपाळावर, बोटं काळी.

"हे करून मिळेल?" मी कागद पुढे केला.

"पिंजरा?"

"चार मितींतली आकृती. तिची तीन मितींत पडलेली सावली. चोवीस टोकं, शहाण्णव काड्या, प्रत्येक टोकाशी आठ."

"काड्या लहानमोठ्या का?"

"सावलीत तशा दिसतात. चौथ्या मितीत सगळ्या सारख्याच."

"तिकडे बस जाते का हो?"

मला हसू आलं नाही. दोन सुतारांनी आधीच हात वर केले होते, आणि कॉलेजात विभागप्रमुखांनी बजावलं होतं — शुक्रवारपर्यंत आकृती हजर नसेल, तर प्रदर्शनातलं टेबल विसरा.

तो ओशाळला. "नमुन्याला अशी दुसरी असेल ना?"

"नाही. तीन मितींत हिच्यासारखी कुणीच नाही."

"एकटीच?" त्यानं पहिल्यांदा नीट माझ्याकडे पाहिलं. "ठेवून जा कागद."

"जाणार नाही. मी धरते, तुम्ही जोडा."

गल्ल्यावरून त्याची आत्या खुदकन हसली.

चार संध्याकाळी आम्ही समोरासमोर बसलो. आठवी काडी डाख देऊन जोडली, की उष्णतेनं आधीच्या सात सुटायच्या. तिसऱ्या दिवशी अख्खी आकृतीच कोसळली. त्यानं हत्यार खाली ठेवलं. "नाही जमणार."

"जमेल. परत करू."

"हट्टी आहात."

"आहेच."

मी चिंध्या ओल्या केल्या, जुन्या सांध्यांना गुंडाळल्या आणि घट्ट धरून बसले. सांधे टिकले! तेवढ्यात ज्योत बोटाला चाटून गेली.

"भाजलं?"

"छे."

"खोटं…" त्यानं माझा हात पाण्यात धरला. सोडायचं मात्र विसरला.

गुरुवारी शेवटची काडी बसली. पितळ झळकत होतं, आणि तो मात्र मान खाली घालून हत्यारं आवरत होता.

"काय झालं?"

"काम झालं. आता तुम्ही कशाला याल…"

मी ठरवूनच आले होते. "अशा सुसम आकृत्या एकूण सहा आहेत. एकीला तर बाराशे काड्या लागतात."

"बाराशे! जन्म जाईल."

"जाऊ दे ना." मी कागदाची घडी घालून बाजूला ठेवली. "आणि काड्या नसत्या, तरी आले असते. तुमच्यासाठी."

तो शेजारचं स्टूल फडक्यानं पुसून म्हणाला, "समोर नको. इथे बस… तू."