बुरनूचा पाहुणा

हे लिवायची मला काय हौस न्हाय. नात दिशा बारामतीला कॉलेजात जाती, तिनं टुमणं लावलंय, "आबा, ती कुत्र्याची गोष्ट लिहून द्या." तोंडानं सांगितली तर भागंना. चौथीतनं शाळा सुटली माझी. शुद्धलेखनाला कुणाला हसायचं असंल त्यानं हितंच हसून घ्यावं. आन आधीच सांगतो, माझ्या बापानं छप्पन साली धम्म घेतला. आमी भूतखेत, देवऋषी, उतारा काय मानत न्हाय. आजबी मानत न्हाय. म्हणून तर ही गोष्ट घशात अडकून बसली हाय.

डाळजच्या रानात आमची वस्ती. दोन वरसं झाली, शहाण्णव साली केसरबाईचं, म्हंजी माझ्या बायकोचं, पोटाचं ऑपरेशन झालं आन तिनं अंथरूण धरलं. जखम भरली, पर बाई उठंना. भितीकडं तोंड करून पडायची. जेवलीस का म्हणलं तर व्हय म्हणायची, ताट तसंच. अशानं माणूस वाळून जातं, मी बघितलंय. डाक्टर म्हणाला, हिला जीव लावायला कायतरी द्या. म्हस दिली असती, पर धार काढायची ताकद कुठं?

म्हणून कुत्रं.

इंदापूरला वाजिद शेखचं कोंबडीखाद्याचं दुकान. पुण्यात एक संस्था होती, अल्सेशियन जातीच्या सोडून दिलेल्या कुत्र्यांना घर बघून द्यायची. हितलं काम वाजिद बघायचा.

"निस्त्या त्याच जातीच्या?" मी इचारलं.

"व्हय तात्या."

"आन आमची गावठी?"

"त्यांचं कोण न्हाय बघत."

"बरं हाय. माणसाची जात सुटंना, आता कुत्र्याचीबी चिकटली."

वाजिद हसला. मंग पुण्याची एक बाई आमचं घर बघायला आली, पोरगी द्यायची असल्यागत. कुंपण हलवून बघितलं, रांजणात डोकावली. "काका, तो एकटा नाही ना राहणार?" मी म्हणलं, "बाई, हुंडा किती तेबी सांगून टाका." ती काय हसली न्हाय. जाताना म्हणाली, "आम्ही अधूनमधून न सांगता येऊन बघू हं." ते मला अजिबात आवडलं न्हाय.

कुत्रं वालचंदनगरच्या क्वार्टरमधल्या एका साहेबाचं. साहेब परदेशात पोराकडं गेलं, असं वाजिदनं गळ्याची आन घिऊन सांगितलं. नाव ब्रूनो. केसरबाईच्या तोंडी बुरनू. थोराड, काळ्या पाठीचं, डोळं माणसागत. पहिल्यांदा खाईना. मंग हीच उठली, भाकरी दुधात कुस्करली, हातानं भरवली. पुढल्या बाजाराला बाई चुलीपुढं बसलेली. मला वाटलं, जिंकलो.

एका सांजंला मी उसाला पानी देऊन आलो. वसरीवरची वायरची खुर्ची भितीकडंची वढून रस्त्याकडं तोंड करून मांडलेली. शेजारी पान्याचा तांब्या, अर्धा. बुरनू खुर्चीच्या पायाशी, मान वर.

"कोण आलतं?"

"कोण न्हाय वं," केसरबाई म्हणाली. "मी चुलीपुढं हुते, डोळ्यात धूर गेलेला. बुरनू दारात शेपूट हालवाया लागला, वळखीचं माणूस आल्यागत. मी न बघताच म्हणलं, या, बसा. पानी आणून ठिवलं. बघते तर कोण न्हाय."

"आन पानी प्यालं कोण?"

ती तांब्यात वाकून बघाया लागली. वसरीवर निलगिरीच्या तेलाचा वास येत हुता. आमच्या घरात ते तेल कंदीच न्हवतं.

मी मनात म्हणलं, संस्थेवाले. न सांगता येनार म्हणल्याली. मी नसताना यायचं, बाईमाणसाच्या हातचं पानी प्यायचं, आन मी आलो की उसातनं पसार. ही कसली तपासणी? दुसऱ्या दिवशी मी रानात गेलोच न्हाय. वस्तीसमोरच्या उसात दबून बसलो. हातात काठी.

दिस कलला. रस्त्यावर चिटपाखरू न्हाय. बुरनू उठला, वळणापातूर गेला, आन परत यायला लागला. कुत्रं परततं कसं? पळत, हुंगत, इकडंतिकडं. हे आलं पावलापावलानं. मधी थांबायचं, वर बघायचं, मंग चालायचं. दम लागल्याल्या म्हाताऱ्या माणसासंगं चालावं तसं. वसरीवर आलं. केसरबाई आतनं म्हणाली, "या, बसा."

खुर्चीच्या वायरी खाली दबल्या. मी बघितल्या. माझ्या डोळ्यात मोतीबिंदू हाय, तेबी धरा. पर त्या करकरल्या, आन कानात काय मोतीबिंदू नसतो.

त्या दिवसापास्नं मी नीट झोपलो न्हाय. केसरबाईला मातूर बरं वाटत हुतं. केस इंचरायची, दोन कप च्या करायची. "दुसरा कुणाला?" म्हणलं तर, "आसू द्या की, आल्यागेल्याला लागतो." गालावर रंग आलेला. आता तिला सांगायचं काय? आन कुत्रं परत धाडलं तर ती पुन्हा भितीकडं तोंड करनार, ते मला पक्कं ठावं.

मंग एकदा च्या गाळताना ती म्हणाली, "मघाशी माझ्या डोक्यावरनं हात फिरवला, ते तुमीच न्हवं?"

"मी? मी हितं दोर वळतोय."

"मंग कुणी..." ती हसली. "कपाळापास्नं मागं. दोन थोपट्या, आन कानामागं खाजवलं. बुरनूला करत्यात तसं."

माझ्या हातातला दोर गळाला. त्याच वक्ताला बुरनूनं मान वर केली, रस्त्याकडं. आन केसरबाईनंबी केली. एकदम, दोघांनी, त्याच बाजूला. कुणी शीळ घातल्यागत. मला काय ऐकू आलं न्हाय. ती कपाळ पुसत उठली आन कुत्र्यामागं दारात जाऊन हुबी राह्यली.

"कुठं निघालीस?"

"कुठं न्हाय," ती म्हणाली, पर पाय उंबऱ्याबाहेर पडलेला.

सकाळी पयल्या एस्टीनं इंदापूर गाठलं. दुकानात गिऱ्हाइकं हुती. मी म्हणलं, "वाजिद, तुजं संस्थेवाले माझ्या माघारी घरात येऊन बसत्यात. हे चालायचं न्हाय."

"कुणीबी आलं न्हाय तात्या. खुदाकसम."

"मंग माझ्या खुर्चीत बसतं कोण? माझ्या बायकोच्या हातचा च्या पितं कोण?"

तो वैतागला. समद्यांपुढं म्हणाला, "ते मला काय इचारता? घरातल्या माणसावर ध्यान ठिवा की!"

गिऱ्हाइकं फिदीफिदी हसली. साठीची बाई माझी, पोटावर टाक्यांचा वण. मी काठी उचलली हुती, पर आधी दुसरं इचारायचं हुतं.

"त्या साहेबाला निलगिरीचं तेल लागायचं का?"

वाजिदचं तोंड उतरलं. पोतं सोडून माझ्या जवळ आला, बारीक आवाजात म्हणाला, "रुमालावर घ्यायचं... दम्यापायी. तात्या, साहेब परदेशात न्हाय गेलं. गेलंच ते. कुत्र्याला फिरवून आलं, दारातल्या खुर्चीत बसलं आन तितंच... मेल्याल्याचं कुत्रं कुणी घेत न्हाय, म्हणून बोललो न्हाय."

घरी आलो तवा लाईट गेलेली. वसरीवर चिमणी लावली. केसरबाई दारात, बुरनू तिच्या गुडघ्याला टेकलेला, दोघंबी वळणाकडं बघत. खुर्चीच्या वायरी दबलेल्या. वास इतका, की डोळं चुरचुरत हुतं.

मी मंत्र म्हणलं न्हाय, लिंबू कापला न्हाय. खुर्चीपुढं हुबा राह्यलो आन माणसाला सांगावं तसं सांगितलं. "साहेब, तुमचं कुत्रं आमी जिवापाड सांभाळतोय. त्याची काळजी नगं. पर ही माझी बायकू हाय. हिच्या डोक्यावर हात ठेवायचा न्हाय. लई दिस पाहुणचार झाला, आता..."

आता 'जावा' म्हणायचं हुतं. पर दारात आल्याल्याला जा म्हणायची जीभच न्हाय आमची. पाहुणा निघाला की समदं घर काय म्हणतं? सत्तर वरसाची सवय. तोंडातनं निघून गेलं:

"...या मंग."

बोललो आन ध्यानात आलं काय बोललो ते. यायलाबी 'या', निघायलाबी 'या'. त्यानं काय समजायचं?

वायरी वर आल्या. बुरनू उठला, पावलापावलानं वळणापातूर गेला, तितं बसला, मंग शेपूट हालवत पळत परतला. साध्या कुत्र्यागत, धापा टाकत. वास इरला. केसरबाईकडं तोंड करून मी म्हणलं, "गेलं बघ."

तिनं माझ्याकडं बघितलं न्हाय. वळणाकडंच बघत, दम लागल्यागत, सावकाश म्हणाली,

"येतो."

येते न्हाय. येतो. जन्मभर माझी केसरबाई 'येते' म्हणत आली, आडावर जाताना, माह्यारी जाताना, ऑपरेशनला जातानाबी.

आता ती बरी हाय. कुत्रंबी बरं हाय, दोघं रानात हिंडत्यात. बाकी काय झालं न्हाय. निस्तं, सांजंला बुरनूला फिरवायला निघाली की दारातनं मला अजून 'येतो' म्हणती. मी मान हालवतो. 'या' म्हणत न्हाय.

वाजिद बाजारात भेटला की तात्या, तात्या करत च्या पाजतो. साहेबाचं लपवलं त्याची माफी नगं मला, कुत्र्याच्या भल्यापायी लपवलं. पर भरल्या दुकानात माझ्या बायकूबद्दल जे बोलला, ते अजून त्यानं मागं घेतलं न्हाय. दिशा, हे लिवलेलं कुठं छापलंच, तर नाव गाळू नगंस. वाजिद शेख, खाद्यवाला, इंदापूर.