धबधब्यामागची वाट

धबधब्याच्या पाण्यामागून एक अरुंद वाट जायची. तिथे उभं राहून फोटो काढायला मिळावा एवढ्यासाठी लोक तो डोंगर चढून यायचे, आणि ताई त्यांना घेऊन जायची. ती सगळ्यांच्या पुढे, तिचा धाकटा भाऊ सगळ्यांच्या मागे, असं त्यांचं ठरलेलं होतं. पाण्याच्या आवाजात कुणाचं कुणाला ऐकू यायचं नाही, म्हणून दोघांच्या गळ्यात शिट्ट्या. मंडळी सुखरूप पलीकडे पोचली की ताईने वाजवायची, भावाने उलट वाजवायची आणि मगच त्याने जागा सोडायची. या बाबतीत भाऊ भलताच हट्टी. एकदा ताई गप्पांच्या नादात वाजवायला विसरली, तर पठ्ठ्या ओलाचिंब होऊन कुडकुडत तिथेच उभा राहिला. आईने ताईची चांगलीच हजेरी घेतली होती. तेव्हापासून रोज निघताना ती बजावायची, "त्याला घेतल्याशिवाय घरी येऊ नकोस."

त्या दिवशी मंडळी पलीकडे आली. ताईने शिट्टी ओठांशी नेली, तोच आतून उत्तर आलं. तिने अजून फुंकलीही नव्हती. स्वारीला भूक लागलेली दिसते, असं म्हणून ती हसली. मागोमाग भाऊ निथळत पाण्यातून बाहेर आला. आता कशाला वाजवायची, म्हणून तिने शिट्टी खाली सोडली.

उतरताना तो गप्प होता. एरवी त्याच्या तोंडाला खळ नसायची. पाहुण्यांच्या नकला करून तो त्यांनाच हसवायचा.

"बरं वाटत नाही का रे?"

"बरं आहे."

ऊन कडक होतं. सगळ्यांचे कपडे वाटेतच वाळले. त्याच्या बाह्यांतून मात्र पाणी गळतच होतं. ताईला ते बघवेना, तिने मान फिरवली आणि पाय उचलला.

पायथ्याशी पाहुणे आपापल्या गाड्यांतून निघून गेले. ताई जीपचं दार उघडत होती, तेवढ्यात वरून शिट्टी ऐकू आली.

मग पुन्हा. या वेळी लांब, वैतागलेली.

अशी वैतागून शिट्टी एकच माणूस वाजवायचा.

ताईचा हात गळ्याशी गेला.

"नको, ताई," शेजारी उभा असलेला म्हणाला. आवाज त्याचाच. हनुवटीवरचा व्रणही त्याचाच. "मी आलोय ना?"

वाजवली तर वरचा खाली येणार. मग दोघांतला आपला कोणता, हे तिलाच ठरवावं लागणार.

तिने शिट्टी शर्टाच्या आत टाकली आणि गाडी सुरू केली.

वर आणखी एकदा वाजली. मग थांबली.

बराच वेळ तो खिडकीबाहेर बघत होता. गावातले दिवे दिसायला लागल्यावर त्याने सहज विचारलं,

"ताई, घरी कोण कोण असतं?"