दिवसा लागलेला दिवा

मोरधार गडावर उजाडत होते. ऊन आधी पूर्वेच्या कड्याला लागले, मग सदरेच्या कौलांना आणि सगळ्यात शेवटी घाटातल्या चौकीला, कारण ती खोल खिंडीत आहे. चौकीशेजारी झरा आहे. गडावरची टाकी उन्हाळा लागताच आटतात आणि मग पाणी त्या झऱ्यावरूनच वर न्यावे लागते. ज्याची चौकी त्याचा गड, हे त्या मुलखात सगळ्यांना ठाऊक होते.

गडाच्या पथकाचा नाईक सुभानजी घारगे तटावर उभा होता. गेल्या वेढ्यात शेजारचा जहागीरदार दौलतराव निंबळे याने ही चौकी मारून झरा दगडमातीने बुजवला होता. कुमक आली, वेढा उठला. पण तोवर सुभानजीची बायको सगुणा तापात पाणी पाणी करत गेली. तिच्या ओठांवर ठेवायला एक ओला फडका होता, तोही शेवटी सुकला. त्या दिवसापासून सुभानजीने दौलतरावाचे नाव तोंडाने घेतले नव्हते. तो नुसते 'तो' म्हणायचा.

पथकातला म्हातारा हवालदार भिकोजी धापा टाकत वर आला.

"नाईक, गोपाळशेटच्या पेढीवर दिवा लागलाय."

सुभानजीला अर्थ कळला. सावकार बुडाला की तो भर दिवसा पेढीवर समई लावतो आणि आपली गादी उलटी करतो. तेच त्याचे दिवाळे. वेढ्यानंतर तट बांधायला आणि घोडी घ्यायला पथकाने याच गोपाळशेटकडून पाच वर्षांच्या मुदतीने कर्ज घेतले होते आणि चौकी गहाण दिली होती.

"कोणी बुडवला?"

"त्यानंच. स्वतःची सगळी ठेव एका दिवसात मागितली. शेटनं होतं ते दिलं, आणि उरल्यापोटी आपल्या गडाचं गहाणखत दिलं."

खतात करार होता की पेढी बुडाली तर मुदतही बुडाली. समई विझायच्या आत खत धरणाऱ्याला सगळी रक्कम द्यायची, नाहीतर चौकी त्याची. दौलतरावाला पैसा नकोच होता. त्याला झरा हवा होता.

सुभानजीने पथक सदरेवर बोलावले. शिलकी खजिना निघाला, घोड्यांचे चांदीचे साज निघाले, मग घराघरांतून तोडे, वाक्या आणि साखळ्या आल्या.

भिकोजी म्हणाला, "आमच्या घरचीनं तोडे दिले. जीभ मात्र घरीच ठेवलीय."

माणसे हसली. सुभानजीने शेवटी सगुणाचे पैंजण ढिगावर ठेवले, तेव्हा हसणे थांबले.

"नाईक, एवढं देऊन त्याचंच घर भरायचं? पेठेत शिरू आणि त्याला कापू," एक जण म्हणाला.

"कापला तर एकदाच मरेल," सुभानजी म्हणाला. "मला तो जिवंत पाहिजे."

सगुणा पेठेतल्या मापाऱ्याची मुलगी होती. दिवाळ्याचे रिवाज तिने त्याला चुलीपाशी बसून हसत हसत सांगितले होते. त्यातला एक त्याला आज आठवला होता.

कर्ज फेडणाऱ्याने लागलेल्या दिव्यासमोर हत्यार न्यायचे नसते, म्हणून सुभानजी आणि भिकोजी दोघेच, निःशस्त्र, चांदी लादलेला बैल घेऊन घाट उतरले. पेठेत दौलतरावाचे स्वार दुतर्फा उभे होते. एकाने भाला रोखला.

"दिवा विझल्यावर या, नाईक."

"कर्ज फेडायला निघालेल्याला अडवतोस? मग कर्ज तुझं. घे बैल," सुभानजी म्हणाला आणि भाल्याच्या पात्यावर छाती टेकवून पुढे चालू लागला. अंगरख्यावर रक्त आले. स्वाराने भाला मागे घेतला.

पेढीच्या पायऱ्यांवर ठेवीदार बसले होते. कुंभारीण, तेली, दोन विधवा. गोपाळशेट खांबाला टेकून जमिनीकडे पाहत होता. समई मंद झाली होती. उलट्या गादीशेजारी दौलतराव उभा होता.

"आणलंत? चांदी ठेवा आणि निघा," तो म्हणाला.

"कर्ज पेढीचं आहे. ते गादीसमोर फेडायचं आणि गादीला मुजरा करायचा, असा रिवाज आहे. रिकाम्या जागेपुढे मी वाकणार नाही. धनी असेल तर त्यानं बसावं."

घारग्यांच्या नाईकाने मान वाकवावी म्हणून दौलतरावाने बारा महिने वेढा घातला असता. तो पुढे झाला. त्याच्या कारकुनाने त्याची बाही धरली.

"सरकार, गादीला हात नको. माझं ऐका."

"तू वह्या सांभाळ," दौलतरावाने बाही सोडवली, पायाने गादी सुलटी केली आणि तीवर बसला.

सुभानजीने तिथेच, सगळ्यांदेखत, कमरेत वाकून मुजरा केला. चांदी तोलली गेली आणि खत फाडले गेले. मग तो ठेवीदारांकडे वळला.

"मंडळींनो, गादी सुलटी झाली. दिवा अजून आहे. मागा आपापलं."

पेठेचा महाजन उठला. "रिवाज आहे, सरकार. दिवा जळता असताना जो गादी सुलटी करून बसला, पेढीचं येणं त्याचं आणि देणंही त्याचंच. आजपासून ही पेढी आपली."

दौलतराव उठला आणि त्याने तलवारीच्या मुठीला हात घातला. "हाकला यांना."

एकही स्वार हलला नाही. त्यांचीही पुंजी त्याच पेढीवर होती. भाला रोखणारा तो स्वार पायरी चढून आला आणि म्हणाला, "आधी आमचं द्या, सरकार."

समोरची चांदी तिथेच वाटली गेली. सगुणाचे पैंजण कुंभारणीच्या वाट्याला गेले. सुभानजीने ते परत मागितले नाहीत. उरलेले देणे फेडताना दौलतरावाची घोडी गेली, मग जहागीर गहाण पडली, मग स्वारही पांगले.

सुभानजीने झरा येणाऱ्या-जाणाऱ्या सगळ्यांना मोकळा करून चौकीपाशी पाणपोई घातली. तिचा एकच नियम होता. जिच्या नावाने ती घातली, तिचे नाव घेऊन पाणी प्यायचे.

पुढच्या वैशाखात एक माणूस घाट पायी चढून आला. अंगावरचा शेला विटला होता. पाणी वाढायला त्या दिवशी सुभानजी स्वतः होता. दोघांनी एकमेकांना ओळखले. त्या माणसाने ओंजळ पुढे केली. सुभानजीने तांब्या तिरपा केला नाही.

खिंडीत झऱ्याचा आवाज येत होता.

"सगुणाबाई," दौलतराव म्हणाला.

"मोठ्यानं."

त्याने पुन्हा म्हटले. मग सुभानजीने पाणी वाढले आणि त्याची तहान भागेपर्यंत वाढत राहिला.