वाढदिवसाचा फोन

बार्शीत आता वाढदिवसाला फोन वाजला, की माणसं देवाचं नाव घेऊनच तो उचलतात. पूर्वी विमा एजंट शोभना तोडकरचा फोन म्हणजे धमाल असायची. "अक्का, शंभर वर्षं जगा, मला शंभर हप्ते मिळतील!" असं ती म्हणायची आणि पलीकडून लाडाच्या शिव्या यायच्या. आता त्याच फोनला स्वरवेध जोडलाय.

स्वरवेध म्हणजे आवाजातून आजार हुडकणारं यंत्र. कंपनीच्या डॉ. इरावती सबनीस ते बसवायला आल्या, तेव्हा शोभनाने विचारलंच, "नुसत्या बोलण्यात असं काय असतं हो?"

"श्वास, जीभ, नसा, सगळे मिळून आवाज घडवतात. एखादी नस दुखावली, की त्यात बारीक थरथर येते. माणसाला ती कळायच्या वर्षभर आधी यंत्राला कळते."

"आणि बोलतंय कोण, ते?"

"ते नाही ओळखत. खाजगी बाब ना! कळ दाबल्यावर मिनिटभर आवाज मिळाला, की झालं."

लाल दिवा लागला, की विमा बंद. वाढदिवसाचा फोन चुकला, तरी बंद.

आज ताराक्का माळवदेंचा वाढदिवस. शोभनाला शाळेत लेझीम शिकवलेल्या बाई. काल ऑफिसात आल्या, तेव्हा त्यांची जीभ अडखळत होती. औषधपाणी सगळं विम्यावरच व्हायचं होतं.

"ताई, काय करायचं?" ऑफिसातली मेहजबीन रडकुंडीला आली.

"आवाजच हवाय ना त्याला? माझा घे म्हणावं! एवढा ठणठणीत आवाज अख्ख्या बार्शीत नाही."

फोन लागला. "अक्का, तोंडातून चकार शब्द काढू नका. मी बोलते!"

तिने कळ दाबली आणि ताराक्का होऊन जी सुटली! गुडघे, सून, शेंगांची चटणी, लेझमीचे डाव... मेहजबीन तोंडात ओढणी कोंबून हसत होती.

मिनिट संपलं. दिवा लाल.

पडद्यावर अक्षरं उमटली: नसांचा विकार, पहिली पायरी. विमा बंद.

"अक्का, गप्प बसा म्हटलं होतं ना!" शोभना कळवळून ओरडली. "का बोललात मध्येच?"

 पलीकडून एकेक शब्द चाचपडत आला.

"पोरी... मी... तोंडच... नाही उघडलं गं."

मेहजबीनचं हसू कधीच थांबलं होतं. ती शोभनाकडे बघत होती.

शोभनाला काहीतरी म्हणायचं होतं. तिने तोंड उघडलं, आणि घाबरून मिटून घेतलं.