दुपारी दोनचा आकडा

वेधशाळांमधल्या चोऱ्या पकडणं हे माझं काम. आमच्याकडची चोरी एकाच जातीची असते. उन्हात बाहेर जायचा कंटाळा आला, की माणूस खुर्चीत बसल्याबसल्या तापमान लिहून मोकळा होतो. असे आकडे मला लगेच कळतात. खऱ्या हवेला इतकी शिस्त नसते.

या वेळी तक्रार माझ्या सख्ख्या मामाविरुद्ध होती. तापमापी वाचायला मला त्यानेच शिकवलं. पस्तीस वर्षं त्याने दुसरं काही केलेलं नाही. त्याला काढायचंच असेल तर ते परक्याच्या हातून नको, म्हणून सोमवारी मीच गेले.

मामाने आढेवेढे घेतले नाहीत. "सोमवारीच वहीत अख्ख्या आठवड्याचे आकडे भरून टाकतो," तो म्हणाला. "चुकत नाही कधी."

"निसर्ग तुझी वही वाचून वागत नाही, मामा."

"मी कुठे तसं म्हणतोय?"

येत्या गुरुवारचा दुपारी दोनचा आकडा मी त्याला वहीऐवजी चिठ्ठीवर लिहायला लावला. न वाचता ती घडी पाकिटात घातली, पाकीट चिकटवलं, वर सही केली आणि पर्समध्ये ठेवलं. "अर्ध्या अंशाने जरी हुकलास, तरी तुझी वही माझ्याकडे आणि नोकरी संपली."

"बरं," मामा म्हणाला.

मंगळवारचे आणि बुधवारचे आकडे मी स्वतः पडताळले. दशांशापर्यंत जुळले. मला आश्चर्यापेक्षा रागच आला. माणसाचा अंदाज मुरतो, हे मी मानते. पण बरोबर आलेला अंदाजसुद्धा अंदाजच. बाहेर जाऊन बघणं, एवढंच तर विज्ञान आहे.

गुरुवारी दोनला मी एकटीच मैदानातल्या तापमापीच्या पांढऱ्या पेटीपाशी गेले. झडपांचं लाकूड तापलं होतं. पाऱ्याच्या पातळीत डोळा आणून दोनदा वाचलं. ३१.४.

खोलीत मामा गुडघ्यांवर हात ठेवून बसला होता. मी त्याच्यासमोर पाकीट कात्रीने कापलं.

३१.९.

पुरता अर्धा अंश.

"जुळलं का गं?" मामाने विचारलं. त्याची कॉलर घामाने भिजली होती.

मला गलबलून आलं. एकोणीस वर्षांत मी एकही खोटा आकडा लिहिला नव्हता. मी वही ओढली, ३१.९ लिहिलं, सही केली.

"जुळलं, मामा."

तो हसला नाही.

"चिठ्ठी उलटी कर."

मागे सोमवारची तारीख होती. खाली त्याचं तिरपं अक्षर.

'प्रत्यक्षात ३१.४. भाची ३१.९ लिहील.'