वेगवेगळी ताटं

प्रेमाला काळाचं बंधन नसतं, सीमा त्याला अडवू शकत नाहीत, आणि जमिनीपासून दहा किलोमीटर उंचावरही ते तितक्याच उत्कटतेनं फुलतं. फक्त पायात घट्ट मोजे असावेत, नाहीतर घोटे सुजतात.

तिला तो दिसण्याआधी त्याचे मोजेच दिसले. राखाडी, गुडघ्यापर्यंत ओढलेले. लांब पल्ल्याच्या विमानावर को-पायलट म्हणून तिची ती पहिलीच फेरी होती. वैमानिकांच्या खोलीत बॅग ठेवायला ती कपाटांच्या मागे गेली, तर तिथे एक उंच माणूस पँट दुमडून अगदी गंभीरपणे उठाबशा काढत होता.

"कोणी शिक्षा केली?" तिनं विचारलं.

"डॉक्टरांनी," तो न थांबता म्हणाला. "तासन् तास बसून पायांत रक्त साकळतं. तुम्हीही काढा."

"मी शाळेतच पुरेशा काढल्यात."

थोड्या वेळानं कळलं, हाच आज तिचा कॅप्टन. तिनं मनातल्या मनात एक उठाबशी काढली.

वैमानिकांच्या जेवणाचा त्यांच्या कंपनीत एक नियम होता. दोघांनी एकच पदार्थ खायचा नाही. अन्न बाधलंच तर एकाला बाधावं, विमान उतरवायला दुसरा धडधाकट राहावा. एकमेकांच्या ताटातला घास घ्यायचीही सोय नाही. त्या दिवशी तिनं पास्ता घेतला, त्याच्या वाट्याला चिकन आलं. आणि झाकण उघडताक्षणी तिला वाटलं, चिकनच घ्यायला हवं होतं.

"असं बघू नका," तो म्हणाला. "नियम आहे."

"मी खिडकीबाहेर बघतेय."

"खिडकी पलीकडे आहे."

पुढे फेऱ्या एकत्र लागत गेल्या. तिनं चिकन घेतलं की पास्ता बरा दिसायचा, पास्ता घेतला की चिकन. कॉकपिटमागे वैमानिकांना आळीपाळीनं झोपायला एक कोनाडा होता, कपाट आडवं पाडावं तेवढा. तिसरा वैमानिक मदतीला असायचा, त्यामुळे ती उठली की हा झोपायला जायचा. चादरी ज्याच्या त्याच्या, गादी मात्र एकच, आणि ती अजून कोमट असायची. असं महिनोन् महिने एकच अंथरूण वापरूनही आईपासून लपवावं असं त्यांच्यात काहीही घडलं नाही. घडायचं ते त्या दाराशी, अदलाबदलीच्या दोन मिनिटांत.

"तुम्ही घोरता म्हणे," एकदा ती म्हणाली.

"कोण म्हणालं?"

"तिसरे साहेब. त्यांना वाटलं, इंजिनात काहीतरी बिघडलंय."

"आणि तुम्हाला काय वाटलं?"

ती केस बांधू लागली. "मला वाटलं... कोणीतरी निर्धास्त झोपलंय."

त्या दिवशी त्याला झोप लागली नाही, ही गोष्ट वेगळी.

जमिनीवर उतरलं की आईचा फोन. "जेवलीस का?"

"सकाळचं की रात्रीचं?"

"कुठलंही. आणि त्या सांगून आलेल्या मुलाला होकार कळवू का? बिचारा थांबलाय."

"आई, मला आज वार कुठला ते माहीत नाही. नवरा कुठून निवडू?"

मग वार्षिक तपासणीत त्याचा रक्तदाब अगदी काठावर आला. डॉक्टर म्हणाले, उडू शकता, पण या शरीराला रात्र कधी असते तेच कळेनासं झालंय. कंपनीनं विचारलं, नकली कॉकपिटमध्ये नव्या मुलांना शिकवाल का? रोज संध्याकाळी घरी. तो म्हणाला, विचार करतो. तिनं मात्र विचार करणं टाळलं. तो खाली राहिला, तर त्या कोमट गादीवर कोण झोपणार... हा प्रश्न तिला विमानाच्या कुठल्याही बिघाडापेक्षा अवघड वाटत होता. एव्हाना 'तुम्ही'चं 'तू' झालेलं होतं. कुठल्या आकाशात, ते दोघांनाही सांगता आलं नसतं.

त्यानं तिला जेवायला बोलावलं. भरदुपार होती. तिच्या पोटाच्या मते पहाट.

"मश्रूमचा पास्ता," ती वेटरला म्हणाली.

"मलाही तोच," तो म्हणाला.

वेटर गेला. इतक्या महिन्यांत त्यानं तिचाच पदार्थ पहिल्यांदा मागवला होता. तिनं हातातला काटा हलकेच खाली ठेवला.

"म्हणजे... तू शिकवायची नोकरी घेतलीस."

"काल हो म्हणालो."

"मला न विचारता?"

"तुला वेगळंच विचारायचं होतं." तो टेबलावरच्या नॅपकिनची उगाच घडी घालत राहिला. "दोघंही उडत राहिलो, तर विमानतळावर हात हलवण्यापलीकडे आपला संसार जायचा नाही. मी घरी असलो, तर तू कुठल्याही वेळी आलीस तरी... जेवलीस का, विचारायला कोणीतरी असेल."

"आकाश आठवेल तुला."

"आठवेल. तू येऊन सांगत जा." मग त्यानं नॅपकिन बाजूला ठेवला. "आता दोघांना एकदम अन्न बाधलं तरी कोणाचं विमान अडत नाही. मला जन्मभर तुझ्याबरोबर एकाच अन्नानं आजारी पडायचंय."

"शी," ती म्हणाली. डोळे मात्र भरून आले होते. "इतकी घाणेरडी मागणी कोणी कोणाला घातली नसेल."

"मग... हो?"

"हो."

ताटं आली. दोन्ही सारखी, दोन्हींतून वाफ येत होती. तो जग जिंकल्यासारखा बघत होता. तिनं एक घास खाल्ला, स्वतःच्या ताटाकडे पाहिलं, त्याच्या ताटाकडे पाहिलं, आणि तिचा चेहरा उतरला.

"काय झालं?" तो घाबरला.

"काही नाही. एक ऐकशील?"

"तू सांग फक्त."

"पुढच्या वेळी चिकन मागव ना. इतके महिने मी तुझ्या ताटातल्या घासावर डोळा ठेवून बसलेय."