घंटागाडीवरचा आवाज

चिखलीच्या या गल्लीत सकाळची घंटागाडी यायची ती तनुजाच्या आवाजात. तनुजा आशा सेविका. डेंग्यू वाढला तेव्हा दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी तिच्याच आवाजात सूचना रेकॉर्ड करून घेतली आणि ती टेप कचरागाडीच्या भोंग्यावर वाजू लागली. "ताप अंगावर काढू नका. पाणी झाकून ठेवा. दवाखान्यात रक्त तपासून घ्या." डबे घेऊन बाहेर आलेल्या बायका चिडवायच्या, "आली गं बया ओरडत!" जालन्याहून आलेल्या तिच्यासारख्या भाडेकरणीला एवढी ओळख काही कमी नव्हती. तनुजा मनातून सुखावायची.

घरात मात्र तिचं कुणी ऐकत नव्हतं. नवरा गणराज चाकणच्या कंपनीत ठेकेदाराकडे कामाला. अंग तापलेलं असलं तरी गोळी गिळून तो कंपनीच्या बसला पळायचा.

"अहो, रक्त तरी तपासून येऊ."

"खाडा झाला की ठेकेदार दुसरा माणूस लावतो. तुझी टेप गल्लीला ऐकव."

एका सकाळी गल्लीतल्या म्हाताऱ्या कौशल्याबाईंच्या दारासमोर भोंगा मधेच गप्प झाला. "ताप अंगावर" एवढंच ऐकू आलं आणि दार ओलांडल्यावर एकदम "तपासून घ्या". गाडी चालवणाऱ्या कोंडीरामने भोंग्यावर थाप मारली. "वायर हालली आसंल," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी कौशल्याबाई गेल्या. ताप होता, सुनेलाही सांगितला नव्हता.

मग पत्र्याच्या वर्कशॉपमागे राहणाऱ्या सुजितच्या खोलीसमोर तेच झालं. तनुजा तिथेच उभी होती. पॉवरप्रेसचे ठोके चालू होते, कुत्रं भुंकत होतं, गाडीचं इंजिन घरघरत होतं. फक्त तिचा आवाज नव्हता. संध्याकाळी सुजितला दवाखान्यात नेलं, तो परत आला नाही.

दुसऱ्या सकाळी तनुजा गाडीची वाट बघत थांबली. तिने कोंडीरामला गाठलं.

"दादा, तो भोंगा बदला."

"बदलला की, ताई. वायर बी नवी हाय." तो तिच्याकडे बघेना. "आवाज बंद पडला की मला तितं गाडी उभी करू वाटत न्हाई."

त्या आठवड्यात गणराजला बससाठी उठताच येईना. डोळे लाल, अंगावर बारीक पुरळ. "चल तुझ्या दवाखान्यात," तो आपणहून म्हणाला, आणि तनुजाला हायसं वाटण्याऐवजी भीतीच वाटली. ती रिक्षा बघायला दारात आली.

गल्लीच्या तोंडाशी घंटागाडी वळत होती.

"ताप अंगावर काढू नका." आवाज खणखणीत होता. ती चौकट धरून उभी राहिली. शेजारच्या दारापर्यंत शब्द न् शब्द आला.

तिच्या दारासमोर भोंगा गप्प झाला.

कोंडीरामने मान खाली घातली आणि गाडी पुढे काढली.

भोंगा बोलत नसेल तर आपण बोलायचं. तिने छाती भरून श्वास घेतला आणि तेच वाक्य म्हटलं. ओठ हलले, गळ्याच्या शिरा ताणल्या. काहीच ऐकू आलं नाही. तिने पुन्हा म्हटलं. पुन्हा.

आतून गणराजने विचारलं, "तनुजा, कुठंयस? ओ दे ना."

तिने ओ दिली.

पुढच्या गल्लीत, भोंग्यावर, तिचा आवाज म्हणाला, "आले हो, आले."

तिथल्या बायका डबे घेऊन बाहेर आल्या.